एका वाक्यातली फातिमा

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि सहा दिवसांनी, ९ जानेवारीला, फातिमा शेख यांची. ही दुसरी जयंती गेल्या काही वर्षांत उर्दू शाळांतून आवर्जून होऊ लागली आहे. फळ्यावर रंगीत खडूंची नक्षी, मधोमध छापील फोटो, त्याला गुलाबाचा हार, आणि मुलींची भाषणे. भाषणे बहुतेक मोबाइलवरून उतरवून पाठ केलेली असतात. एकीचे ऐकले की दुसरीचे ऐकायची गरज उरत नाही. अशाच एका कार्यक्रमात सातवीतली एक मुलगी भाषण संपवून जागेवर न जाता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, सावित्रीबाईंच्या कविता आहेत, खत आहेत. फातिमाबींनी काय लिहिलंय?"

मी म्हटले, "काहीच नाही." मग तिने विचारले, "मग आपल्याला कसं माहीत?"

त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. या लेखात ते नीट देण्याचा प्रयत्न आहे. आणि ते देताना आपल्या मुस्लिम मराठी लेखनाबद्दल दोन कडवट गोष्टी बोलाव्या लागणार आहेत. त्या बोलणारी मी कोणी मोठी समीक्षक नाही, धानोऱ्यात राहून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी आणि मराठी अंक आवडीने वाचणारी एक शिक्षिका आहे, हे आधीच सांगते.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज आपल्यापुढे आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात ती सापडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ १९८८ साली काढला. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, दुसरे २९ ऑगस्ट १८६८ चे, तिसरे २० एप्रिल १८७७ चे. पहिली दोन नायगावाहून, म्हणजे सावित्रीबाईंच्या माहेराहून लिहिलेली आहेत आणि तिसरे जुन्नरकडच्या ओतूरहून. यांतल्या पहिल्या पत्रात फातिमा आहे. ती किती आहे? एका ओळीत मावेल एवढी. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आलेल्या आहेत. आपण बरे वाटताच पुण्याला येऊ, काळजी करू नये, असे त्या नवऱ्याला कळवतात आणि जोडून म्हणतात की इकडे मी नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असणार, पण ती कुरकुर करणारी नाही. एवढेच. त्या ओळीत आडनाव नाही, ती मुसलमान आहे असे म्हटलेले नाही, ती शिक्षिका आहे असेही म्हटलेले नाही. पुढच्या दोन्ही पत्रांत तिचे नाव येत नाही.

या एका ओळीशिवाय एक जुना फोटो आहे. सावित्रीबाई, शेजारी बसलेली दुसरी एक स्त्री आणि मुली. ती दुसरी स्त्री म्हणजे फातिमा, असे ओळखले जाते. आणि चरित्रकारांनी सांगितलेली हकिगत आहे, की गोविंदरावांनी सून-मुलाला घराबाहेर काढले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि त्यांची बहीण फातिमा शाळेच्या कामात उतरली. बाकी जे काही आपण भाषणांतून ऐकतो, म्हणजे ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख, कोणत्या गल्लीतून ती मुली गोळा करत फिरली, तिला कोण काय बोलले, तिने काय उत्तर दिले, त्याला कागदाचा आधार नाही. तरी २०२२ साली त्याच ९ जानेवारीला गूगलने आपल्या पानावर तिचे चित्र लावले आणि ती तारीख पक्की झाली. आमच्या फळ्यावरही मीच ती लिहिली होती.

मग २०२५ चा जानेवारी आला. ऐन ९ तारखेला दिलीप मंडल या पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी बाई कधी नव्हतीच. दोन दिवस गदारोळ झाला. अभ्यासकांनी १८५६ चे पत्र पुढे केले, १९८८ चा ग्रंथ दाखवला आणि त्या दाव्यातली हवा गेली. पण मला त्या दोन दिवसांत आपल्या लोकांची जी धांदल दिसली ती विसरता येत नाही. ज्या गटांवर एरवी शायरी आणि सुविचार फिरतात तिथे एकमेकांना विचारणे चालले होते, 'कुणाकडे सबूत आहे का?' इतकी वर्षे आपण तिच्यावर कविता लिहिल्या, विशेषांक काढले, तिच्या नावाने पुरस्कार दिले, आणि ते एक पत्र मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचले होते. मीही तोपर्यंत पूर्ण वाचले नव्हते. बी.एड.च्या वर्षात शिक्षणाचा इतिहास हा विषय होता, त्यात फातिमाचे नावही कानावर आले नव्हते. पण बी.एड. होऊन बरीच वर्षे झाली. त्यानंतरचा दोष माझाच.

ही धांदल का झाली, याचा विचार केला पाहिजे. माझ्या मते आपण फातिमाला माणूस म्हणून जवळ केलेच नव्हते, दाखला म्हणून जवळ केले होते. शाळेच्या दाखल्यासारखा दाखला. या देशाच्या, या महाराष्ट्राच्या घडणीत आम्हीही होतो, हे कुणी विचारले की खिशातून काढून दाखवायचा कागद. ज्या समाजाला वरचेवर कागद मागितले जातात त्याने असे करावे हे मला समजते. ती गरज खोटी नाही. पण दाखल्यावर कविता लिहिली की ती दाखल्यासारखीच होते. आपल्या अंकांतून फातिमावर येणाऱ्या कविता आठवून पाहा. ज्योत, मशाल, दिवा, उजेड, अंधार. बहुतेक ठिकाणी ती सावित्रीची सावली असते, सावित्रीच्या खांद्याला खांदा लावून चालते, शेण-दगड झेलते आणि शेवटच्या कडव्यात कवी तिला सलाम करतो. त्या कवितेतून फातिमाचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही थोर स्त्रीचे घातले तरी काही बिघडत नाही. बाईला ताप येत नाही, तिचे कुणाशी भांडण होत नाही, तिला शाळेला जायचा कंटाळा येत नाही.

आणि मौज अशी की जी एक ओळ खरी आहे तिच्यात नेमके हेच सगळे आहे.

ती ओळ मी शिक्षिका म्हणून वाचते. दोघीजणी मिळून शाळा चालवतात. एक आजारी पडून गावी गेली. दुसरीवर दुप्पट काम पडले. ज्या शाळेत दोनच शिक्षक असतात तिथे एक रजेवर गेला की काय होते हे आमच्या भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. दोन वर्ग एका खोलीत बसवायचे, एकाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्याचे वाचन घ्यायचे, त्यातच हजेरी, त्यातच कुणाचा बाप भांडायला आलेला. संध्याकाळी घसा बसतो. अंथरुणाला खिळलेल्या सावित्रीबाईंना पुण्याची आठवण झाली तेव्हा त्यांना हा बसलेला घसा आठवला. 'ती कुरकुर करणार नाही' हे म्हणणे प्रशंसेचे आहेच, पण त्यात ओशाळलेपणही आहे. तिने कुरकुर केली असती तर मला इतके वाईट वाटले नसते, असा त्याचा सूर मला ऐकू येतो. सोबतीणीचा स्वभाव पुरता ओळखणारी बाईच असे लिहू शकते. नुसत्या ओळखीतून असे वाक्य उमटत नाही.

दुसऱ्या बाजूने, 'कुरकुर न करणारी' हे शब्द मला टोचतातही. आपल्या घरांत सुनेचे कौतुक याच शब्दांत होते. कितीही राबवा, ही तोंडातून ब्र काढत नाही. शाळेतही असेच असते. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, जो नाही म्हणत नाही त्याच्या टेबलावर कागद येऊन पडतात. फातिमा खरेच कुरकुर करत नव्हती, की सावित्रीबाईंच्या समोर करत नव्हती? घरी भावाजवळ काय बोलत असेल? रात्री काय वाटत असेल? कथाकाराला इथे केवढी जागा आहे! पण त्या जागेत शिरायचे तर आधी ही जागा रिकामी आहे असे कबूल करावे लागते. आपण ती रंगीत खडूने भरून टाकली आहे. ज्याला कथा लिहायची त्याने कथा म्हणून लिहावी, फातिमाला हवे ते बोलू द्यावे, माझी तक्रार नाही. तक्रार चरित्राच्या नावाखाली कथा सांगण्याबद्दल आहे. आपण ज्या दिवशी तिची खोटी जन्मतारीख खरी म्हणून छापली, त्या दिवशी तिची खरी ओळही खोटी म्हणायला दुसऱ्याला वाट करून दिली.

त्या पत्राचा उरलेला भाग तर आपण वाचतच नाही, कारण त्यात फातिमा नाही. त्यात काय आहे? सावित्रीबाईंचे भावाशी झालेले बोलणे. भाऊ म्हणतो, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता त्यामुळे तुम्हाला वाळीत टाकले आहे, हे कुळाला बट्टा लावणारे आहे. बहीण त्याला विचारते, तू गाय-शेळीला जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्याचसारखी माणसे असलेली महार-मांग तुला अस्पृश्य का वाटतात? आई शेजारी बसून ऐकते आहे. रस्त्यावर शेण अंगावर येणे हे धाडसाचे चित्र म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र माहेरी, आजारपणात, ज्या भावाच्या घरचे अन्न खातो आहोत त्याच्याच तोंडावर असे बोलणे अधिक अवघड वाटते. रस्त्यावरचा माणूस परका असतो. भावाशी बिघडले तर माहेर तुटते. आपल्यातली किती मुले-मुली मंचावरून क्रांतीच्या कविता वाचतात आणि घरी बहिणीचे शिक्षण दहावीनंतर बंद होते तेव्हा गप्प बसतात, हे मी पाहिलेले आहे. अशा गप्प बसणाऱ्यांची वही मी तपासलेली आहे, तीत फातिमावर निबंध होता.

दुसरे पत्र १८६८ चे. हे पत्र माझ्या दृष्टीने मराठीतल्या उत्तम गद्यात मोडते, आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत फारसे दिसत नाही याचे नवल वाटते. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. नायगावात त्याचे सारजा नावाच्या महार मुलीशी प्रेम जुळले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे गावाला कळले. लोकांनी दोघांना धरले, मारीत मारीत गावातून मिरवले, आणि जिवे मारायला निघाले. सावित्रीबाईंना बातमी लागली तशा त्या धावत गेल्या. त्यांनी लोकांना भाषण दिले नाही, प्रेमाची महती सांगितली नाही. खून कराल तर इंग्रज सरकारचा कायदा तुम्हाला सोडणार नाही, एवढाच धाक घातला. गर्दीचा विचार फिरला. शेवटी गावकऱ्यांनी दोघांनी गाव सोडावे असे ठरवले आणि ते मान्य झाले. हे मान्य करणे काहींना तडजोड वाटेल. पण त्या घटकेला जीव वाचवणे महत्त्वाचे होते. मग त्या दोघांना त्यांनी चिठ्ठी देऊन पुण्याला जोतीरावांकडे धाडले. ते पत्र म्हणजेच ही चिठ्ठी. मला हा शेवटचा भाग सगळ्यांत मोठा वाटतो. गर्दी पांगल्यावर माणसे घरी जातात. वाचवलेल्या दोघांना आता कुठे ठेवायचे, बाळंतपण कोण करणार, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि तो त्यांनी आपला मानला. आपण 'जबाबदारी' म्हणतो त्यात जबाब हा शब्द आहे. सारजेने उद्या विचारले असते, 'आता मी काय करू?' तर त्याचा जबाब सावित्रीबाईंनी आधीच लिहून ठेवलेला होता.

तिसऱ्या पत्रावर फार थांबत नाही. १८७६ च्या दुष्काळाचे ते वर्णन आहे. जनावरे मरत आहेत, लोक गाव सोडत आहेत, सावकारांचा जाच, त्यातून दंगा, सत्यशोधकांची धरपकड. सावित्रीबाई कलेक्टरापुढे जाऊन बोलतात आणि कलेक्टर वरमून ज्वारीच्या चार गाड्या पाठवतो. त्यातही नाट्य नाही, हिशेब आहे. वीस वर्षांनी, १८९७ साली, प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१८६८ चे पत्र वाचताना मला नायगाव दिसत नाही, राईनपाडा दिसतो. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, हे आदिवासी गाव आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसे त्या बाजारात आली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण मेले. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी इतक्या लांब आलेली माणसे.

तो संदेश त्या आठवड्यात माझ्याही मोबाइलवर आला होता. शिक्षकांच्या एका गटावर. मी तो पुढे पाठवला नाही, याचे मला बरेच दिवस समाधान वाटत होते. पण 'हे खोटे आहे' अशी एक ओळही मी तिथे लिहिली नाही. वरिष्ठांनी टाकलेला संदेश होता, आपण कशाला बोला. १८६८ साली सावित्रीबाईंपाशी जमाव थोपवायला फक्त जीभ होती. माझ्या हातात लिहायचे यंत्र होते आणि समोर जमावही नव्हता.

राईनपाड्यावर आपल्या अंकांत मी काही वाचल्याचे मला आठवत नाही. असेल तर मला दाखवावे, मी आनंदाने माझे शब्द मागे घेईन. आपण पुण्याच्या मोहसीन शेखवर लिहिले, २०१४ साली हडपसरमध्ये त्याला मारले गेले तेव्हा. लिहायलाच हवे होते. पण जमावाच्या हातून मेलेला माणूस आपल्यातला असला की आपली कविता जागी होते, आणि मारला गेलेला डवरी गोसावी असला की तो बातमीच्या पानावर राहतो. इथे फातिमाचे नाव पुन्हा आठवते. तिने कोणाच्या मुली शिकवल्या? ज्या शाळांशी तिचे नाव जोडले जाते त्या महार-मांगांच्या, शूद्रांच्या मुलींसाठी काढलेल्या होत्या. तिच्या मोहल्ल्यातल्या मुलींसाठी नव्हे. दुसऱ्यांच्या मुलींसाठी घसा बसवून घेणारी बाई आपण आपल्या समाजाची पहिली शिक्षिका म्हणून मिरवतो, आणि तिच्या कामातला 'दुसऱ्यांच्या' हा शब्द गाळतो. नंदुरबार जिल्ह्यात दर तीन माणसांत दोन आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. त्यांच्या आश्रमशाळा आणि आमच्या उर्दू शाळा एकाच धुळीच्या रस्त्यावर असतात. बाजारात आम्ही एकमेकांशी सौदा करतो. त्यांची एक गोष्ट मी माझ्या वर्गात कधी सांगितली नव्हती, मला येतच नव्हती.

उलट बाजूचेही एक नाव सांगायला हवे. जोतीरावांची शाळा लहानपणी सुटली होती. गोविंदरावांनी मुलाला मळ्यावर घातले होते. त्यांना समजावून मुलाला पुन्हा शाळेत घालायला लावणारी दोन माणसे चरित्रांत येतात, लिजिट साहेब आणि गफ्फार बेग मुन्शी. हे मुन्शी उर्दू-फारसी शिकवणारे. शेजाऱ्याचा माळ्याचा पोरगा हुशार आहे, तो वाया जाऊ नये, इतकेच त्यांना वाटले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि पुढचा इतिहास घडला. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांचा हा खरा पूर्वज. त्याच्यावर कविता नाही, जयंती नाही, हे एका अर्थी बरेच आहे. त्याला अजून कुणी मशाल केलेले नाही.

जोतीरावांनी ही शेजारची माणसे विसरली नाहीत, असे मला त्यांचे लिखाण वाचताना वाटते. महंमद पैगंबरांवर त्यांनी काव्य लिहिले. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एकाच घरात आई, वडील, मुलगी, मुलगा वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ वाचून वेगवेगळा धर्म स्वीकारतात आणि तरीही मायेने एकत्र राहतात, असे चित्र आहे. त्या घरातली मुलगी मुसलमान होते. आजच्या दिवसांत हे वाचताना आपण आजूबाजूला पाहतो, कुणी ऐकत तर नाही ना.

आता दुसरी एक बाई. हिचे मात्र स्वतःचे बोलणे आपल्याकडे आहे, आणि तरीही आपण ते नीट ऐकत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांविरुद्धचा तो पहिला मोर्चा. दलवाईंशी मतभेद असणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांची काही भाषा मलाही रुचत नाही. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला वाक्याचे व्याकरण बघायचे आहे. 'दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा नेला.' दलवाईंच्या बाजूचे लिहितात तेही असेच, विरोधातले लिहितात तेही असेच. कर्ता हमीद, स्त्रिया संख्या. त्या सात जणी सकाळी घरातून काय सांगून निघाल्या, संध्याकाळी परतल्यावर दार कुणी उघडले, यावर एक कथा आपल्या साहित्यात मला भेटलेली नाही. ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर आपल्याला सगळे भेटले, त्या सात जणी भेटल्या नाहीत.

मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ साली आले. पुण्यातल्या उर्दू बोलणाऱ्या घरातली ही मुलगी. कोकणातल्या, मराठीत लिहिणाऱ्या, पूर्ण वेळ चळवळीत पडलेल्या माणसाशी तिचे १९५६ साली लग्न झाले. निकाहही झाला आणि नोंदणी विवाहही. त्यानंतर घर कुणी चालवले? तिने. खादी ग्रामोद्योगातल्या नोकरीवर. हमीद गावोगाव फिरत होते, सभा उधळल्या जात होत्या, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले, आणि भाडे, किराणा, मुलींच्या फिया यांची तारीख दर महिन्याला येतच होती. पुढे हमीदभाईंचे मूत्रपिंडाचे आजारपण. ३ मे १९७७ ला ते गेले तेव्हा ते पंचेचाळीशीलाही पोचले नव्हते. बाई मात्र २०१७ सालापर्यंत जगल्या आणि मंडळाचे काम करत राहिल्या.

हे पुस्तक विचारांसाठी वाचणाऱ्यांची निराशा होते, असे मी ऐकले आहे. त्यात सिद्धान्त नाहीत. बोलल्यासारखी साधी भाषा, आठवणींत आठवण निघत जाते. मला तर तेच त्याचे बळ वाटते. एका माणसाच्या धाडसाचा खर्च दुसऱ्या माणसाच्या पगारातून कसा वजा होतो, हे मराठीत इतक्या निर्मळपणे क्वचित सांगितले गेले आहे. शिवाय ही बाई कुरकुर करते! प्रेमाने करते, हसून करते, पण करते. नवऱ्याला देव करत नाही. पुस्तकाचे नाव 'भरून पावले' असे असूनही आत हिशेबाच्या सगळ्या ओळी आहेत. १८५६ च्या पत्रातल्या त्या न कुरकुरणाऱ्या फातिमाच्या मनात काय असेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर आपल्या कवींनी हे पुस्तक उशाशी ठेवावे. तिथे शेण-दगड कमी आणि महिनाअखेर जास्त सापडेल.

एक उणीव मात्र नोंदवते. या पुस्तकात बाई स्वतःच्या कामाला अनेकदा नवऱ्याच्या कामाची पुरवणी मानतात. जिथे त्यांनी स्वतः निर्णय घेतला तिथेही श्रेय हमीदभाईंकडे वळते. वाचकाला ते खटकते. पण त्या पिढीच्या बाईकडून आपण सगळेच कसे मागावे? ते काम समीक्षेचे होते. आपल्या समीक्षकांनी दलवाई बरोबर की चूक यावर शेकडो पाने खर्च केली. मेहरुन्निसांच्या गद्यावर आपल्या अंकांत एखादा सलग लेखही माझ्या पाहण्यात आलेला नाही.

यंदाच्या ९ जानेवारीला मी फळ्यावर जन्मतारीख लिहिली नाही. 'फातिमा' एवढेच लिहिले, खाली १० ऑक्टोबर १८५६, पत्राची तारीख म्हणून. एका सहकाऱ्याला ते आवडले नाही. 'तुम्हीच शंका घेतली तर त्यांचे फावेल,' ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मी त्यांना पत्राची प्रत दिली. नंतर मुलींना पत्र वाचून दाखवले, सगळेच, भावाच्या भांडणासकट. जुनी मराठी, मध्ये मध्ये उर्दूत समजावून सांगावे लागले. नाग आणि दुधाच्या जागी मुली हसल्या. फातिमाची ओळ आली तेव्हा कुणाच्या लक्षातच आले नाही, मला थांबून पुन्हा वाचावी लागली.

तेव्हा ती मुलगी, आता आठवीत आहे, म्हणाली, "एवढंच?"

मग थोड्या वेळाने, "त्रास म्हणजे कोणता त्रास, मॅडम?" त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. कुणी म्हणाले शाळेचे काम, कुणी म्हणाले लोकांच्या शिव्या. एकीने सांगितले की तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे आणि सेविका बाई रजेवर गेल्या की आई घरी येऊन कुणाशी बोलत नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या बोलतच होत्या.